मडक्याच्या चालीचं गाणं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही.

त्या गावाला गाण्याचं भारी वेड. दरवर्षी जत्रेला पाच गाणाऱ्यांचा एक मेळा यायचा. त्यांचं नदीचं गाणं म्हणजे गावाचा जीव की प्राण! त्यातली एक ओळ मेळ्याचा म्होरक्या एका दमात म्हणायचा, ‘डोंगर सोडून निघाली गं, मागं वळून बघेना...’

ओळ लांबत लांबत आभाळाला भिडायची. ती संपेपर्यंत सगळ्या गावानं श्वास रोखून धरायचा, ही तिथली रीत. मग सगळे एकदम ‘हाऽऽ’ करून श्वास सोडायचे. पोरं लालबुंद व्हायची, पण हार मानायची नाहीत.

याच गावात राही नावाची कुंभारीण होती. मेळा निघून गेला की तिला घर खायला उठायचं. म्हणून एके वर्षी ओलं मडकं मांडीवर घेऊन, लाकडी थापटण्यानं ते थापता थापता, तिनं नदीचं गाणं धरलं.

पण गाणं होतं वेगाचं, कुठंही न थांबणारं. हात गाण्यामागं धावला आणि मडकं फाटलं. दुसरंही फाटलं.

“अगं, गाणं तरी म्हण, नाहीतर मडकी तरी कर!” सासू करवादली.

“दोन्ही करीन, आत्याबाई,” राही म्हणाली आणि तिनं तिसरं मडकं मांडीवर घेतलं.

या वेळी तिनं गाण्यालाच मडक्याच्या चालीनं चालायला लावलं. चार थापा मारायच्या, थांबून मडकं जरा फिरवायचं, पुन्हा चार थापा. मडकं फिरताना ओळही थांबायची. उड्या मारणारी नदी आता संथ वाहू लागली. राहीला ती फार आवडली. रोज ती तसंच गाऊ लागली.

गावाला मात्र ते मुळीच रुचलं नाही. पाटील तिच्या दारात येऊन कडाडला, “गाण्याची चाल मोडतेस? जुन्या चालीवर ये. नाहीतर यंदा मेळ्यासमोर बसायचं नाही. वेशीपाशी बस!”

राहीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या एका दिवसासाठी ती वर्षभर जगायची. पण ती म्हणाली, “पाटीलबाबा, गाणं माझ्या घरी आलंय. घरी आलेल्यानं घरचंच खावं. मी असंच गाणार.”

जत्रा आली. राही वेशीपाशी एकटी बसली. मेळ्यानं नदीचं गाणं सुरू केलं आणि गावानं श्वास रोखला. पण म्होरक्या आता म्हातारा झाला होता. अर्ध्या ओळीतच त्याला धाप लागली. त्यानं पुन्हा सूर लावला. पुन्हा खोकला आला.

त्यानं हात जोडले. “मायबाप, माझा दम पुरत नाही. आजपासून हे गाणं बंद.”

“अर्धंमुर्धं गाण्यापेक्षा ते बरं,” पाटील हळूच म्हणाला.

“बंद?” राही ताडकन उठली. पाणपोईवरचं रिकामं मडकं उचलून ती गर्दीतून थेट पुढं आली. पाटलानं “थांब!” म्हटलं, पण ती थांबली नाही. मेळ्यासमोर बसून तिनं मडकं मांडीवर घेतलं आणि गाऊ लागली. चार थापा, जरा थांबणं, पुन्हा चार थापा.

म्होरक्याच्या कपाळाला आधी आठी पडली. मग राही थांबली, तेव्हा त्यानं सहज श्वास घेतला. पुढच्या तुकड्याला त्याचा आवाज तिच्या आवाजात मिसळला. थांबत थांबत त्यानं ती ओळ शेवटापर्यंत नेली. श्वास कुठं रोखायचा, हे कोणालाच कळेना. मग सगळं गाव त्याच्याबरोबर श्वास घेऊ लागलं.

गाणं संपल्यावर म्होरक्यानं विचारलं, “पोरी, मध्ये मध्ये थांबतेस कशाला?”

“मडकं फिरवायला, बाबा.”

म्हातारा हसला. त्याचे डोळे ओले झाले होते. “मला वाटलं, माझ्यासाठीच थांबतेस.”

पुढं मरेपर्यंत तो दर जत्रेत नदीचं गाणं गायला, आणि राहीची जागा त्याच्या शेजारी ठरून गेली. पाटील मान डोलवायचा. श्वास रोखायचा खेळ गेला म्हणून पोरं तेवढी थोडे दिवस रुसली.

ही गोष्ट ऐकलीत, तर एवढं ध्यानात ठेवा : आवडतं गाणं टिकवायचं असेल, तर ते दुसऱ्याच्या दमानं नव्हे, आपल्या श्वासानं गावं.