कोरा खवला

सिमेंटलाही बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. कोनाळवाडीच्या तिठ्यावर शेवंती चितारणीनं सिमेंटचं एक भलंमोठं खवले मांजर घडवलं आणि घरटी एक खवला रंगवायला दिला. कुणी मोर काढला, कुणी होडी. येणाराजाणारा आपला खवला बोटानं दाखवी आणि पुतळा सुखावे.

एका तिन्हीसांजेला रानातलं खरं खवले मांजर आलं आणि म्हणालं, "दादा, तुझे खवले रंगवतात आणि माझे विकायला सोलतात. तुझा काय उपयोग मला?"

पुतळा ओशाळला. त्याच्या पाठीवर एकच खवला कोरा होता, रानात फासक्या लावणाऱ्या धाकू गवसचा. शेवंती तो स्वतःच रंगवायला निघाली, तसा पुतळा म्हणाला, "राहू दे गं बाई. तो त्याचाच आहे."

चतुर्थीला गवसची लेक माहेरी आली. तिठ्यावर थांबून तिनं विचारलं, "बाबा, आपला खवला कुठला?" गवसला त्या कोऱ्या खवल्याकडे बोट करवेना.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना तो फासक्यांचा भारा घेऊन तिठ्यावर आला. त्याला पाहताच झुडपात दडलेल्या रानातल्या खवले मांजरानं अंगाचं घट्ट वेटोळं केलं. गवसनं भारा पुतळ्याच्या पायाशी टाकला, तिथंच ठेवलेल्या शेवंतीच्या रंगाच्या डब्यात अंगठा बुडवला आणि कोऱ्या खवल्यावर उमटवला.

तो गेल्यावर पुतळा हळूच म्हणाला, "बाळा, बघ तरी. फास आवळायचा, तोच हा अंगठा."

झुडपातलं वेटोळं सावकाश उलगडलं.