आईच्या नावाचं तेल

एका गावात एक म्हातारी होती, आणि गाव तिला तिच्या बागेवरून ओळखायचं. मोगरा, जाई, सोनचाफा, कुंपणाशी शेवंती, सगळं तिनं स्वतः लावलेलं, ओढ्यावरून डोक्यावर पाणी आणून जगवलेलं. बागेच्या टोकाला फणसाचं जुनं झाड होतं आणि त्याच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं. "बाग अर्धी माझी, अर्धी त्यांची," असं ती म्हणायची.

त्या पाणी वाहण्यातच तिचे गुडघे गेले. मोगरा सरत आला असताना एक दिवस ती खाटेवर बसली, ती बसलीच. तिला एकच मुलगा. तो वैद्यांना घेऊन आला. वैद्यांनी गुडघे दाबून पाहिले.

"अजून वेळ गेलेली नाही," वैद्य म्हणाले. "रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करायचं आणि हातानं जिरवायचं. रोज म्हणजे रोज. पुढच्या उन्हाळ्यात मोगरा फुलेल तेव्हा म्हातारी आपल्या पायानं बागेत जाईल. हयगय केलीस तर सांधे धरतील. मग मला बोलावू नकोस."

वैद्य गेले तसा मुलगा आईपाशी बसला. "साधं तेल? ते तर लोक दिव्यात घालतात. माझ्या आईला मी फुलांचं तेल करून लावणार. तुझ्याच बागेतल्या फुलांचं."

"अरे, गुडघ्याला काय नाक असतं?" आई म्हणाली. "घाण्यावरून आण आणि चोळ."

"तू जरा थांब गं."

आई थांबली.

मुलगा आळशी नव्हता, हे मात्र मानलं पाहिजे. दिवस उगवायच्या आत तो फुलं खुडायचा. जुन्या धोतरावर पसरून त्यांच्यावरचं दंव निथळू द्यायचा, कारण पाण्याचा थेंब राहिला की तेल खवट होतं. मग फुलं बरणीत, त्यावर तिळाचं तेल, तोंडाला फडकं, आणि बरणी उन्हात. फुलं काळवंडली की गाळायची, पिळायची, त्याच तेलात पुन्हा ताजी घालायची. असं करत करत तेलात मोगरा उतरला. बरणी उघडली की बंद खोलीत बाग शिरायची.

शेजारीण वासामागे चालत आली. "काय रे, अत्तर गाळतोस की काय?"

"आईसाठी तेल केलंय मावशी. हात करा पुढं." त्यानं बोटभर तेल तिच्या मनगटाला लावलं.

शेजारणीनं मनगट नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. "धन्य तुझी आई. आमच्याकडं एकाला सांगितलं तर खोबरेलाची बाटली हातात देत नाही. रोज चोळतोस?"

"रोज चोळतो," मुलगा म्हणाला.

अजून एकदाही चोळलं नव्हतं. पण शब्द निघून गेला, आणि ऐकायला फार गोड वाटला.

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या दोघी जावा आल्या. मग गुरव आला, सोनार आला. पाटील स्वतः आले. प्रत्येकानं मनगट पुढं केलं, प्रत्येकानं 'असा मुलगा हवा' म्हटलं, आणि वाटून वाटून बरणी संपली. मुलगा म्हणाला, "बघ आई, आता पावसाळ्यात जाईचं करतो, ते याहून सरस होईल. मग तुला लावतो." जाईचं झालं, तेही असंच गेलं. मग शेवंतीचं.

खाट आतल्या खोलीत होती. ओसरीवरचं बोलणं आत स्पष्ट ऐकू यायचं. एका संध्याकाळी म्हातारीनं विचारलं, "मला रोज चोळतोस म्हणे?"

मुलगा ओशाळला. "अगं, लोकांना काय सांगणार? उद्यापासून नक्की."

"लोकांना सांगितलंस ना, मग ते तरी खरं कर."

त्या रात्री त्याला फार वाईट वाटलं. सकाळी कोणीतरी तेलासाठी रिकामी बाटली घेऊन दारात आलं, आणि वाईट वाटणं राहून गेलं.

म्हातारी कोणापाशी बोलली नाही. मुलाला चारचौघांत खाली बघायला लावायचं नाही, हा तिचा ताठा. उभं राहायला मात्र तिला दिवसेंदिवस जमेनासं झालं. खाटेवरून तिला खिडकी दिसायची, आणि खिडकीतून मोगऱ्याच्या शेंड्याची चार पानं. त्यांच्याकडं बघून ती दिवस ढकलत होती.

उन्हाळा आला. पानांत कळ्या दिसू लागल्या. त्याच सुमाराला पारावर गाव जमलं आणि ठरलं, अशा मातृभक्त मुलाचा सत्कार करायचा, त्याच्याच अंगणात, त्याच्या आईदेखत.

मुलगा हरखला. गावाला पुरेल इतकं तेल हवं. त्यानं सोनचाफा ओरबाडला. मोगऱ्याची उमललेली फुलं खुडली, मग अर्धी उमललेली, मग मिटलेल्या कळ्यासुद्धा.

"कळ्या ठेव रे," खिडकीतून आई म्हणाली. "मधमाश्यांनी काय खायचं?"

"चार दिवसांनी काय होतंय त्यांना?"

सत्काराच्या सकाळी बाग नुसती हिरवी होती. शोधून एक फूल सापडलं नसतं.

अंगणात मांडव पडला. दोघांनी उचलून म्हातारीला बाहेर आणलं, नवं लुगडं नेसवून खुर्चीत मधोमध बसवलं. मुलगा दाराशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला आणि मानेला तेल लावत होता. त्याचे स्वतःचे हात कोपरापर्यंत माखले होते. पाटील उठून बोलू लागले, "असा मुलगा शोधून सापडायचा नाही. वर्षभर आईच्या गुडघ्यांना यानं..."

तेवढ्यात फणसाच्या बाजूनं गुणगुण आली. मग मांडवाच्या कापडाखालून मधमाश्या आत शिरल्या. दहा-वीस नव्हे, अख्खं पोळं उठून आल्यासारखं. बायकांनी पदर तोंडावर ओढले, पुरुष उठायला लागले.

"हलू नका," म्हातारीचा आवाज आला. "हात मारू नका. तुम्हाला चावायला नाही आल्या त्या. फुलं शोधतायत."

सगळे होते तिथं थिजले. मधमाश्या एकेकावर उतरू लागल्या. पाटलांच्या मनगटावर बसल्या. शेजारणीच्या मानेवर, सोनाराच्या कानामागं, गुरवाच्या बोटांवर, सत्काराच्या शालीवर पडलेल्या तेलाच्या डागावरसुद्धा. मुलाचे दोन्ही हात तर त्यांनी असे भरले की कातडी दिसेना. माणसं श्वास धरून फक्त डोळे फिरवत होती, याच्यावर किती, त्याच्यावर किती.

आणि फिरता फिरता सगळ्यांचे डोळे एकाच जागी येऊन थांबले.

म्हातारी मधोमध बसली होती. तिच्या अंगावर एकही मधमाशी नव्हती. एक तिच्या गुडघ्याभोवती घुटमळली, हुंगून उडाली आणि पाटलांकडं गेली.

शेवटी शेजारीणच ओठ न हलवता म्हणाली, "काकूंवर एक पण नाही."

"रोज चोळतोस ना रे?" पाटलांनी विचारलं.

मधमाश्यांना मध सापडला नाही, तशा त्या उठून गेल्या. मांडवात बसलेले वैद्य पुढं झाले. त्यांनी म्हातारीचं लुगडं जरा वर सारलं. गुडघ्यांवरची कातडी उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखी भेगाळलेली होती. वर्षभर तिला तेलाचा थेंब दिसला नव्हता. वैद्यांनी गुडघा सरळ करून पाहिला. तो झाला नाही. दुसराही नाही.

"धरले," एवढंच ते बोलले आणि बाजूला झाले.

मांडवातल्या माणसांचे चेहरे पांढरे पडले. मुलाकडं बघायचं त्यांना धैर्य होईना, कारण वर्षभर त्या ओसरीवर तीही मनगट पुढं करून गेली होती. आतल्या खोलीत वाकून 'कसं आहे काकू' असं एकानंही विचारलं नव्हतं. बायका उठून विहिरीवर गेल्या आणि राखेनं हात घासू लागल्या. वास जाईना. तेल उत्तमच झालं होतं.

मुलगा धावत आत गेला, उरलेली बरणी घेऊन आला आणि आईच्या पायाशी बसला. त्यानं ओंजळभर तेल तिच्या गुडघ्यांवर ओतलं आणि रडत रडत चोळू लागला.

आईनं त्याचा हात धरला. "पुरे. तेलाला थांबता येतं रे, बरणीत पडून राहतं. गुडघ्यांना थांबता येत नाही."

सत्काराची शाल खुर्चीवरच राहिली. ती कोणी कोणाला घातली नाही.

तेव्हापासून त्या घरात फुलांचं तेल झालं नाही. मुलगा रोज सकाळी घाण्यावरचं साधं तेल कोमट करायचा आणि आईचे गुडघे चोळायचा. दुखणं थोडं हलकं झालं, पण पाय काही सरळ झाले नाहीत. मग तो तिला पाठंगुळी घेऊन बागेत न्यायचा, आणि ती बसल्या जागेवरून त्याला आळी करायला सांगायची, डावीकडं जरा खोल, उजवीकडं जपून, मुळं दिसतायत, आंधळा आहेस काय. कळीला मात्र कोणी हात लावायचा नाही.

एकदा शेजारणीनं कुंपणापलीकडून पाहिलं. सवयीनं म्हणाली, "किती करतोस रे आईचं."

मुलगा घामाघूम झाला होता. तो म्हणाला, "मला नका विचारू मावशी. तिला विचारा."

म्हातारी त्याच्या पाठीवरून म्हणाली, "करतो. उशिरा करतो."

तात्पर्य: माया ही चारचौघांना हुंगायला द्यायची वस्तू नाही. जिच्या नावाची आहे तिच्या अंगाला आधी लागू द्या, आणि ती आजच.