भाऊबंदकीतला भाऊ

"पण बुवा, या शब्दात भाऊ कशाला हवा?"

भार्गव देवघरात गंध उगाळत होता. समोर निरंजनबुवा जपमाळ घेऊन बसले होते. मठात आल्यापासून भार्गवाला शब्दांची फोड करायचा भारी सोस. शब्दाचं मूळ सापडलं की माणूस आपोआप कळतो, अशी त्याची समजूत. अशी माणसं हुशार असतात, आणि फार लवकर एकटी पडतात.

"कुठला शब्द?"

"भाऊबंदकी. वैर आहे, दावा आहे, हाडवैर आहे. इतके शब्द असताना लोकांनी या घाणीला भावाचंच नाव का दिलं?"

बुवांनी पुढे वाकून त्याच्या हातातलं चंदनाचं खोड काढून घेतलं. सहाणही बाजूला सरकवली.

"काय झालं?"

"आज देवाला शिवू नकोस. तुला सुतक आहे."

भार्गव हसला. "कुणाचं?"

"पहाटे तुमच्या गावाहून गडी आलाय. ओसरीवर बसून आहे."

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तूच बजावलं होतंस ना सगळ्यांना? मोरेश्वराचं नाव माझ्या कानावर घालायचं नाही म्हणून."



बांधावरचा फणस मोरेश्वराने हट्टाने तोडला, त्या दिवसापासून सख्ख्या भावाचं नाव भार्गवाने टाकलं होतं. फणस आईने लावलेला होता.

तो म्हणाला, "आमचा संबंध संपला होता. माझ्या लेखी तो कधीच मेला होता. मी नाही पाळणार सुतक."

"बरं."

बुवांनी सहाण पुन्हा त्याच्यापुढे ठेवली. खोड हातात दिलं.

"मग उगाळ. देव खोळंबलेत."

भार्गवाने खोड सहाणेवर टेकवलं.

हात फिरेना.

त्याने जोर लावून पाहिला... शेवटी खोड खाली ठेवलं आणि हात धोतराला पुसला. पुन्हा पुसला. त्याला रडू येत नव्हतं, आणि त्याचंच त्याला जास्त भय वाटलं.

बाहेर गडी खोकला.

"बुवा... आता निघालो तर त्याचं तोंड तरी दिसेल का मला?"

बुवांनी सहाणेवरचं गंध पाण्याने धुऊन टाकलं.

"शब्दाचं मूळ विचारत होतास ना?" ते म्हणाले. "त्या हाताला विचार."