तुळाईचा खडा

फोटो नंतर काढा हो, आधी वाकून बघा. काय दिसतं? खडक. छप्पन्न पायऱ्या, कोनाड्यांत दगडी हत्ती, आणि तळाला थेंब नाही. बारव बांधली खरी, पण झरा कधी लागलाच नाही. शेजारच्या देवळाचा गुरव म्हणून चाळीस वर्षं हेच सांगतोय, अन् लोक म्हणतात, "वा, काय सुंदर!" आमच्या गावात नुसत्या देखाव्याला 'बारव' म्हणतात. घरात दाणा नसताना कोणी दाराला रंग फासला, की लोक विचारतात, "कशाला बारव करतोस?"

ते कसं, ऐका. फार पूर्वी सुभेदारानं दवंडी पिटली म्हणे, जिथे पाणी नाही त्या गावाला नदीचा पाट देऊ, मी स्वतः बघायला येतो. कोरडी बारव दाखवली की काम झालं! पण आमचे रायाजी पाटील! "एवढ्या मोठ्या माणसाला कोरडा दगड दाखवायचा? गावाची अब्रू जाईल." तीन दिवस गावच्या बायकांनी दोन कोसांवरून घागरी वाहून बारवेत ओतल्या. एका शेतकऱ्याच्या सुनेनं, तुळाईनं, घरचा रांजणही उपसून ओतला, असं सांगतात.

सुभेदार आला. पाणी बघून खूश झाला, पाटलांना पागोटं बांधलं, आणि पाट शेजारच्या गावाला दिला. तुळाई बोलायला पुढे झाली, तोच सासऱ्यानं दरडावलं, "गप बस!" ती मागे सरली. चार दिवसांत सगळं पाणी खडकात जिरलं. तेव्हा तिनं पाटलांसमोर बारवेत खडा टाकला. ठक्कन वाजला.

"पाटील, हा आवाज सुभेदाराला ऐकवायचा होता," ती म्हणाली. "आता माझी लेक रांजणात खडा टाकून बघितल्याशिवाय कोणाच्या घरात देणार नाही."

आजही सोयरीक जुळवताना मुलीची आई मुलाकडच्या रांजणात खडा टाकते. डुबुक वाजलं तरच सुपारी फुटते.

म्हणजे आम्ही शहाणे झालो? डोंबल! गेल्या उन्हाळ्यात पाणीटंचाई बघायला साहेब येणार होते. त्यांच्यासमोर गाव कसं दिसेल, म्हणून आम्ही दोन टँकर आणून बारवेत ओतले. नळयोजना गेली शेजारच्या गावाला. आणि टँकरला इथवर वाट दाखवत पुढे कोण चाललं होतं? मीच.

घ्या हा खडा. टाका, आणि ऐका.