अकरातला स्पष्ट फोटो

"मग चूक कोणाची? सांगा ना मास्तर, माझी की त्या यंत्राची?"

यासीन मास्तर खिडकीशी बसून एक जुना ब्रश फुंकरीने साफ करत होते.

मिरजेत मास्तरांचा फोटो स्टुडिओ पन्नास वर्षं चालला. आता तो बंद होता, आणि त्याच खोलीत सतरंजी टाकून म्हातारा राहायचा. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून देवीचे व्रण घालवावेत, फोटोतल्या मेलेल्या माणसाचे मिटलेले डोळे ब्रशने उघडून द्यावेत, तर ते मास्तरांनीच. विश्वंभर सातपुते कॉलेजात असताना त्यांच्याकडेच फोटो धुवायला शिकला होता. आज बावन्नाव्या वर्षी तो सांगलीहून असा तणतणत आला की दारात चपला काढायचंही त्याला सुचलं नाही.

"तुम्हाला कल्पना नाही मास्तर. एक लाख चौऱ्याऐंशी हजार फोटो! एकही परक्या कंपनीच्या दारात ठेवला नाही. स्वतःचा सर्व्हर आहे, देवघराशेजारच्या कपाटात. सॉफ्टवेअर मी बसवलं. चेहरे ओळखतं, तारखा लावतं. आणि प्रती तीन! घरी एक, ऑफिसात एक, कोल्हापुरात भावाकडे एक. घराला आग लागली तरी फोटो जायचा नाही!"

"मग गेला कसा?"

विश्वंभरचे कान लाल झाले. हेच सांगायला तो आला होता आणि नेमकं इथेच त्याची जीभ अडत होती.

सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा, शेवटचा वाढदिवस. अर्धांगाने डावी बाजू लुळी पडलेली, खुर्चीत बसवलेले. शेजारी त्यांची लेक, विश्वंभरची बायको वैजयंती. एकापाठोपाठ एक अकरा फोटो निघाले. पुढे एके दिवशी सॉफ्टवेअरने ते अकराही समोर मांडले आणि कळवलं, हे सगळे सारखेच आहेत, उगाच जागा अडते, सर्वांत स्पष्ट हा आहे. विश्वंभरने बटण दाबलं. एक राहिला, दहा गेले.

तिन्ही ठिकाणं रोज संध्याकाळी सारखी करायची, हे त्यानेच सॉफ्टवेअरला बजावून ठेवलं होतं. त्यामुळे घरी जे पुसलं गेलं ते त्याच संध्याकाळी ऑफिसातही पुसलं गेलं आणि कोल्हापुरातही. कचरापेटीने महिनाभर वाट पाहिली, मग तीही रिकामी झाली. इतके आज्ञाधारक नोकर नशिबानेच मिळतात.

तात्यांच्या वर्षश्राद्धाला वैजयंतीने फोटो मागितला. "तात्यांचा हात माझ्या डोक्यावर आहे ना, तो. जरा हललेला आहे बघा."

त्याने होता तो दाखवला. त्यात तात्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"छान स्पष्ट आहे हो," एवढंच ती म्हणाली. त्याला आज सोळा दिवस झाले. चहा मिळतो, जेवण मिळतं, शब्द मिळत नाही.

"भांडली असती तर परवडलं असतं!" विश्वंभर ओरडला. "तीन वर्षं रविवार घातले मी त्यात. कुणासाठी? घरच्यांसाठीच ना? एक फोटो गेला, तर एवढा..."

त्याने पिशवीतून मोठा छापलेला फोटो काढला आणि मास्तरांपुढे आपटला.

"हात उचलून द्या."

"काय?"

"तात्यांचा हात. तिच्या डोक्यावर ठेवून द्या. तुम्ही मेलेल्यांचे डोळे उघडत होता, मग हे काय जड आहे?"

मास्तरांनी फोटो उचलून उजेडात धरला.

"कोणता हात?"

"उजवाच असणार. डावा लुळा होता."

"असणार? पुसताना बघितला नाहीस?"

"दहा फोटो बारीक बारीक दिसतात मास्तर! कोण बघत बसतं?"

"बरं. आणि काढला कुणी होता?"

"मी," विश्वंभर म्हणाला. मग एकदम उसळला. "मीच काढला! मीच समोर उभा होतो! झालं समाधान?"

मास्तरांनी हातातला ब्रश भिंतीवर फेकला. इतक्या वर्षांत विश्वंभरने त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"कुपवाडच्या एका बाईच्या नवऱ्याचे डोळे उघडून दिले होते मी. मेल्यावर काढलेला फोटो. सगळं गाव वाहवा करत होतं. आठ दिवसांनी बाई फोटो घेऊन परत आली. म्हणाली, मास्तर, हे बघतायत कुणाकडे? त्यानंतर डोळे उघडले नाहीत मी कुणाचे. आणि तू मला हात उचलायला सांगतोस? लाज नाही वाटत?"

"मग करू काय मी?" विश्वंभर मटकन खाली बसला. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते, तरी तोंड चालूच होतं. यंत्राला शिव्या घातल्या, बायकोच्या अबोल्याला घातल्या, शेवटी स्वतःला घातल्या.

मास्तर उठले, त्याच्यासमोर आले आणि त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला.

शिव्या दोनचार शब्द आणखी चालल्या. मग थांबल्या.

मास्तरांनी हात काढून घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे धरले.

"माझा कोणता हात होता?"

"डावा," विश्वंभर म्हणाला. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते.

त्याने पुसट आवाजात फोटो परत मागितला. मास्तरांनी तो सतरंजीखाली सरकवला.

"हा इथं राहू दे. तू घरी जा, आणि वैजूला विचार, कोणता हात होता."