न उकललेला काठ

रस्ते बैलगाडीपुरतेच होते, त्या काळची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक तांबट होता. त्याच्या कारखान्यावर बारा घरं जगत होती. गावाची रीत अशी, की हंडा पिचला, तपेली गळायला लागली, की ती मोड म्हणून तांबटाकडे द्यायची आणि त्याच तांब्याचं नवं भांडं घडवून न्यायचं. पणजीच्या लग्नातलं तांबं पणतीच्या लग्नात पुन्हा मांडलं जायचं.

मोड वितळवायचा भिकोबा ओतारी. म्हातारा भारी किरकिऱ्या. प्रत्येक भांड्याचा वळवलेला काठ तो छिन्नीनं उकलायचा, दोन दिवस उन्हात घालायचा आणि मगच भट्टीतल्या मुशीत टाकायचा. हे कशासाठी, असं कुणी कधी विचारलं नाही.

मग घाटावरून तांब्याच्या तयार पत्र्यांच्या गाड्या येऊ लागल्या. तांबट हरखला. म्हणाला, "या काळ्या मोडीशी झटापट करायची कशाला? पत्रा आणायचा, ठोकायचा, विकायचा."

"मालक, घाट आपल्या हातात नाही," भिकोबा म्हणाला. "भट्टी आहे."

"तुमचं वय झालं, बाबा. घरी बसा आता."

भट्टी पाडली. मोड घेऊन आलेल्या बायकांना दारातूनच परत पाठवलं. तीन वर्षं झकास गेली, खोटं कशाला बोला.

चौथ्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि घाटच बंद झाला. पत्रे येईनात. बारा घरांत चूल दिवसातून एकदाच पेटू लागली. तेव्हा कुठे तांबटाला गावाच्या माळ्यांवर पडलेली मोड आठवली. पण भिकोबा उन्हाळ्यातच वारला होता.

"त्यात काय, आगीत टाकलं की तांबं वितळतं," तांबट म्हणाला. हा शहाणा जन्मात कधी मुशीजवळ उभा राहिला नव्हता.

बायकांनी राग गिळून मोड दिली. भट्टी पुन्हा रचली. तांबटाच्या धाकट्या भावानं भाता मारला, मुशीतलं तांबं पातळ झालं. मग त्यानं आणखी एक तपेली चेपून आत सोडली, तशीच, काठासकट. त्या काठाच्या पोकळीत पाणी मुरलेलं होतं. धडाका झाला आणि उकळतं तांबं भावाच्या तोंडावर उडालं. त्याचे दोन्ही डोळे गेले.

त्यानंतर भट्टीला हात लावायला कुणी धजेना. एकेक घर गाव सोडून निघालं.

शेवटी तांबट भिकोबाच्या दारी गेला. सून जोत्यावर बसली होती.

"वहिनी, बाबा मोडीचं काय करायचे, ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"काठ उकलायचा आणि वाळवायचा. आत पाणी राहतं," ती म्हणाली. "एवढंच तर आहे."

तांबट खाली बसला.

"तुम्ही विचारायला याल म्हणून ते तीन वर्षं या जोत्यावर बसून होते," सून म्हणाली. "पाऊल वाजलं की उठून बघायचे."

पुढं तांबट भावाचा हात धरून त्याला गावात फिरवायचा, पण त्या जोत्याकडे तो कधीच बघायचा नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच: जुन्याचं नवं करणारी भट्टी आणि ती जाणणारा माणूस, दोन्ही सुखाच्या दिवसांतच सांभाळावीत. घाट बंद झाल्यावर भट्टी पुन्हा रचता येते, माणूस परत आणता येत नाही.