आवडाबाईच्या छातीतलं गाव

एकदा काय झालं, आवडाबाईच्या छातीत एक गाव होतं. हसू नका, तुमच्याही आहे. तिथे झाडं उलटी वाढतात, बुंधा वर आणि शेंडे खाली. प्रत्येक शेंड्याला एक इवलीशी खोली. वारा आत येतो, बाहेर जातो. तिथे दिवस नाही, रात्र नाही, नुसता वारा.

त्या गावात गुणाई नावाची राखणदारीण होती. आलेली धूळ गिळायची, हे तिचं काम. फार झाली की हाळी द्यायची. मग लाल नदीतून शिपाई यायचे, लढायचे आणि तिथेच मरायचे. गुणाईने त्यांनाही गिळायचं, बरं का, आणि मगच गप्प व्हायचं. अशी तिथली रीत.

आता आवडाबाई बसायची चुरमुऱ्याच्या भट्टीवर. चाळीस वर्षं भाताचं तूस जाळलं तिने. एकदा धूर आला. गुणाईने हाळी दिली, शिपाई आले, लढले, गुणाईने त्यांना गिळलं. मग पुन्हा धूर आला. पुन्हा हाळी, पुन्हा शिपाई. पण गुणाईचं पोट काजळीने गच्च. मेलेले शिपाई तसेच पडून राहिले. मग तिसऱ्यांदा धूर आला. तेव्हा काय झालं, ते मेलेले फुटले आणि त्यांच्या तलवारी आपोआप चालू लागल्या. भिंतींवर. दोन खोल्यांची एक झाली, चार खोल्यांची एक झाली. आत आलेला वारा तिथेच घुटमळू लागला.

बाहेर आवडाबाई तीन पायऱ्या चढली आणि मटकन खाली बसली. सून सुगंधा म्हणाली, "आत्या, आजपासून भट्टी बंद. भाजी विकू, पण हे नको."

धूर थांबला. मग सगळं बरं झालं म्हणता? छे. शिपाई येतच राहिले. एकाने गुणाईला विचारलं, "शत्रू कुठाय?"

"तुम्हाला बोलावलं कुणी?"

"तूच की. अजून ओरडतेयस."

गुणाईने गळ्याला हात लावला. गळा थरथरत होता. हाळी तिच्याच तोंडून येत होती, आणि तिला ती ऐकूच येत नव्हती. गुणाई फार भ्याली. समोर थोड्याच भिंती उरल्या होत्या. त्या पडल्या असत्या, तर आवडाबाईचा श्वासच संपला असता.

मग तिने एक मेलेला शिपाई उचलला आणि गिळला. पोटात मावेना, तरी गिळला. मग दुसरा. मग तिसरा. तेव्हा कुठे गळा शांत झाला, आणि नदीतले शिपाई मागे फिरले.

पडलेल्या भिंती काही परत उभ्या राहिल्या नाहीत हो. पण उरल्या त्या राहिल्या. आवडाबाई भाजी विकते, दमली की थांबते, आणि सुखाने राहते.

झोपा आता. छातीवर हात ठेवा आणि हळू श्वास घ्या. आत कुणीतरी जागं आहे. त्याला ओरडायची वेळ आणू नका.